समुपदेशकाच्या दारातली रांग आणि ऑनलाइन ताणव्यवस्थापन

विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, ही त्यातली सर्वांत चर्चेतली सूचना. विद्यार्थिसंख्येच्या मानाने समुपदेशकांचे प्रमाण योग्य हवे, असेही त्यात आहे. नेमके किती, तो आकडा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीत २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत आणि त्यांतल्या सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातल्या. एवढ्या मोठ्या गरजेपुढे एक समुपदेशक कुठे पुरणार, असे विचारले की संस्थाचालकांकडे हल्ली तयार उत्तर असते : अॅप घेऊ, ऑनलाइन कोर्स लावू.

हे उत्तर करोनाकाळात जन्मले असे समजले जाते. ते त्याच्या बरेच आधीचे आहे आणि त्याची सुरुवात विद्यापीठातच झाली.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने १९८६ मध्ये, म्हणजे वेब अस्तित्वात यायच्याही आधी, ‘डिअर अंकल एझ्रा’ ही सोय सुरू केली. विद्यापीठाचे संस्थापक एझ्रा कॉर्नेल यांच्या नावाने चालणारा हा सल्ल्याचा स्तंभच, पण कागदाऐवजी विद्यापीठाच्या संगणकजाळ्यावर. मुले नाव न सांगता प्रश्न टाइप करत. प्रेमभंग, परीक्षा, रूममेटशी भांडण, घरची आठवण, काहीही. उत्तर लिहिण्यात विद्यापीठाच्या मानसशास्त्रीय सेवेचे प्रमुख होते, आणि प्रश्नोत्तरे सगळ्यांना वाचता येत. हा उपचार नव्हता आणि तसा दावाही कोणी केला नव्हता. पण दोन गोष्टी तिथेच दिसल्या. चेहरा दाखवावा लागत नसला की मुले बोलतात. आणि पलीकडे माणूस आहे, तो आपले वाचतो, हे ठाऊक असले की पुन्हा येतात. पुढच्या चाळीस वर्षांत यातली पहिली गोष्ट सगळ्यांनी उचलली. दुसरी मात्र खर्च वाचवण्यासाठी पुन्हा पुन्हा गाळली आणि पुन्हा पुन्हा परत आणली.

‘ताण’ ही आजच्या अर्थाची कल्पना तशी अलीकडचीच. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटे टिपण लिहिले : इजा कसलीही असो, उंदरांची शरीरे ठरावीक पद्धतीनेच प्रतिसाद देतात. रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये तीच गोष्ट शरीराकडून मनाकडे वळवली. प्रसंग एकच, पण तो झेपेल की नाही याचा अंदाज प्रत्येकाचा वेगळा, आणि ताण त्या अंदाजातून येतो. त्याच सुमारास, १९८३ मध्ये, शेल्डन कोहेन यांची जाणवणारा ताण मोजणारी प्रश्नावली आली. आजच्या बहुतेक चाचण्यांत ‘ताण कमी झाला’ याचा अर्थ त्या प्रश्नावलीतले गुण कमी झाले, एवढाच असतो.

संगणकावर चढवायला सोपी उपचारपद्धतही तोवर तयार होती. अल्बर्ट एलिस आणि आरन बेक यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत विचार, भावना आणि वर्तन यांची साखळी तपासण्याची रीत, म्हणजे वर्तन-विचार पद्धत, घालून दिली. मराठी वाचकांना एलिस अनोळखी नाहीत. मुंबईचे प्रा. कि. मो. फडके यांनी त्यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून त्यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार इथे रुजवला, आणि पुढे मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ठाण्याच्या आयपीएच संस्थेने तो घराघरांत नेला. या पद्धतीत तक्ते असतात, गृहपाठ असतो, टप्पे असतात. स्वप्नांचे अर्थ लावणारा मनोविश्लेषक वेबपानावर बसवणे कठीण; ‘आज कोणता विचार आला, त्याला पुरावा काय’ हा तक्ता बसवणे सोपे. ऑनलाइन कार्यक्रमांत वर्तन-विचार पद्धतीचेच राज्य का, याचे हे एक साधे कारण. जोडीला श्वास आणि ध्यान आले तेही असेच साच्यात बसून : जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ध्यानाचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला. आपल्याकडून गेलेले ध्यान आता वर्गणी भरून इंग्रजी आवाजात परत येते, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

गरज मात्र रांगेने निर्माण केली. कॅन्सस स्टेट विद्यापीठातल्या शेरी बेन्टन आणि सहकाऱ्यांनी आपल्या समुपदेशन केंद्राच्या १३ वर्षांच्या नोंदी तपासून २००३ मध्ये दाखवले की येणाऱ्या मुलांचे प्रश्न अधिक गुंतागुंतीचे आणि गंभीर होत चालले आहेत. पुढे फ्लोरिडा विद्यापीठात याच बेन्टनबाईंनी प्रतीक्षायादीवर तोडगा म्हणून ऑनलाइन धडे आणि जोडीला समुपदेशकाशी थोडक्यात बोलणे, असा कार्यक्रम उभा केला. २०१८ मध्ये आठ देशांतल्या १९ विद्यापीठांच्या जवळपास १४,००० नवागत विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा आयुष्यात कधी ना कधी एखाद्या मानसिक विकाराच्या निकषांत बसलेले ३५ टक्के निघाले. एवढ्यांना पुरेल इतके समुपदेशक कोणत्याही देशाकडे नाहीत.

या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा अध्याय ऑस्ट्रेलियातला आहे. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत हेलन क्रिस्टेन्सन आणि कॅथलीन ग्रिफिथ्स यांनी २००१ मध्ये नैराश्यासाठीचे ‘मूडजिम’ हे संकेतस्थळ सुरू केले. पाच मॉड्यूल, तरुणांना डोळ्यांपुढे ठेवून केलेली पात्रे, तक्ते, आणि सगळे फुकट. २००४ मध्ये ५२५ जणांवरची चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली आणि नैराश्याची लक्षणे खरोखर कमी होतात असे दिसले. वेबसाइटही उपचाराचे काम करू शकते, हे सांगणाऱ्या सुरुवातीच्या भक्कम पुराव्यांपैकी तो एक.

पण त्या चाचणीत लोकांना दर आठवड्याला फोन जात होता. साइटवर कुठपर्यंत पोचलात, काय अडले, एवढीच विचारपूस, तीही मानसोपचारतज्ज्ञांकडून नव्हे. ती नसताना काय होते? इंटरनेटवरून आपणहून येणारे हजारो लोक पहिल्याच मॉड्यूलवर थांबत. शेवटपर्यंत जाणारे शंभरात एकही भरत नसत. गुंथर आयझेनबाख यांनी २००५ मध्ये या गळतीवर लेख लिहिला आणि तिला ‘नियम’च म्हटले : इंटरनेटवरच्या आरोग्य कार्यक्रमांतून लोक निघून जाणे हा अपवाद नाही, तो त्या माध्यमाचा स्वभाव आहे. ही गोष्ट त्या वेळी जितकी गांभीर्याने घ्यायला हवी होती तितकी विकत घेणाऱ्यांनी घेतली नाही, असे माझे मत. ‘इतक्या मुलांनी नोंदणी केली’ हा आकडा अहवालात अजूनही पहिल्या पानावर असतो. ‘इतक्यांनी पूर्ण केले’ हा शोधावा लागतो.

केवळ ताणावरचे, विद्यार्थ्यांसाठीच बेतलेले कार्यक्रम नंतरचे. अमेरिकेत ‘मायस्टुडंटबॉडी–स्ट्रेस’ची चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. जर्मनीत आधी नोकरदारांसाठी लुनेबुर्गच्या विद्यापीठात विकसित झालेला कार्यक्रम विद्यार्थ्यांसाठी बदलून ‘स्टुडिकेअर’ नावाने पुढे आला. २०१८ च्या त्याच्या चाचणीत १५० विद्यार्थी होते, सगळे बऱ्यापैकी ताणाखालचे, आणि मागितल्यास ई-कोचकडून, म्हणजे ऑनलाइन मार्गदर्शकाकडून, लेखी प्रतिसाद मिळण्याची सोय होती. गुण चांगलेच सुधारले. त्याच संशोधकांच्या गटाने २०१९ मध्ये अशा ४८ चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा मात्र सरासरी परिणाम लहान निघाला. लहान म्हणजे शून्य नव्हे; हजारोंना स्वस्तात मिळणारा लहान फायदा घेण्याजोगा असतोच. फक्त त्याच्या भरवशावर समुपदेशकाचे पद रिकामे ठेवण्याइतका तो मोठा नाही.

भारताने वेगळी वाट धरली. इथे मॉड्यूलपेक्षा फोन आधी आला. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ‘आयकॉल’ सुरू केले. प्रशिक्षित समुपदेशक फोनवर आणि ईमेलवर उत्तर देणार, मराठीतही. ऑनलाइन समुपदेशन पुरवणाऱ्या बंगळूरच्या ‘युवरदोस्त’सारख्या कंपन्यांशी आयआयटींसारख्या संस्थांनी करार केले. करोनात, २१ जुलै २०२० रोजी, केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने (आताचे शिक्षण मंत्रालय) विद्यार्थ्यांच्या मानसिक आधारासाठी ‘मनोदर्पण’ आणले, आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मानसिक आरोग्याची देशव्यापी फोनसेवा सुरू झाली. हॉस्टेलमध्ये, वर्गात आणि वेबसाइटवर असे हेल्पलाइन क्रमांक ठळक लावा, असे न्यायालयाच्या २०२५ च्या सूचनांतही आहे. या वाटेचे कारण कळण्याजोगे आहे. तीन-चार जणांच्या खोलीत रोज अर्धा तास लॅपटॉपवर इंग्रजी प्रश्नावल्या भरणारा मुलगा लगेच लक्षात येतो. गच्चीवर फोन कानाला लावून फेऱ्या मारणाऱ्याकडे कोणी बघत नाही. शिवाय ‘मला टेन्शन आलंय’ हे आपल्या भाषेत ऐकणारे कोणी भेटते. तोटा असा की फोन संपला की पुढे काय करायचे, याचा क्रमवार सराव हातात उरत नाही, आणि मॉड्यूलची खरी ताकद तीच.

मग संवादही यंत्रानेच का करू नये, हा विचार आला. तो नवा नव्हता. जोझेफ वायझेनबाऊम यांनी १९६६ मध्ये एमआयटीत ‘एलायझा’ हा संवाद करणारा प्रोग्राम जाहीर केला होता, आणि त्यांच्याच सेक्रेटरीने एलायझाशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितल्यावर ते अस्वस्थ झाले होते. २०१७ मध्ये स्टॅनफर्डशी संबंधित संशोधकांनी ‘वोबॉट’ या चॅटबॉटची चाचणी विद्यार्थिवयाच्या ७० जणांवर, दोन आठवड्यांसाठी केली. नैराश्याचे गुण ई-पुस्तक वाचणाऱ्या गटापेक्षा जास्त घटले. चिंतेच्या बाबतीत मात्र एका गटात दुसऱ्यापेक्षा वेगळे काही दिसले नाही. एवढ्या छोट्या पुराव्यावर मोठा उद्योग उभा राहिला. भारतातून निघालेला ‘वायसा’ हा चॅटबॉटही याच काळातला.

वोबॉटची उत्तरे माणसांनी आधी लिहून तपासलेली असत. ३० जून २०२५ रोजी ते अॅप बंद झाले. तोपर्यंत मुले रात्री दोन वाजता ज्या चॅटबॉटशी बोलू लागली होती, तो असाइनमेंट लिहून देणारा, सर्वकामी. ताणासाठी तो कोणी बनवलेला नाही, कोणत्याही विद्यापीठाने तपासून घेतलेला नाही, आणि समुपदेशन केंद्राच्या नोंदीत त्याचे नाव येण्याचा प्रश्नच नाही.