घाटउतार (अवजड वाहनांचा)

अवजड मालवाहू वाहन लांब व तीव्र उतारावरून आटोक्यातल्या वेगाने खाली आणण्याची पद्धत. चालक याला ‘गाडी गिअरमध्ये उतरवणे’ म्हणतात. डिझेल वाचवण्यासाठी गिअर काढून गाडी सोडून दिली, की ते ‘न्यूट्रल मारणे’. महाराष्ट्रात बोरघाट व कसारा (थळ) घाट ही याची ठळक क्षेत्रे होत. पुण्यातील कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार रूढ अर्थाने घाट नव्हे; तरी तेथील अपघातांमुळे त्याचा विचार याच सदरात करावा लागतो.

नाव व मार्ग : ‘भोर घाट’ हे रूप बहुधा इंग्रजी लेखनातून रूढ झाले असावे. भोर गावाशी त्याचा संबंध जोडतात, पण ते गाव या मार्गापासून बरेच दक्षिणेला आहे. ‘बोरघाट’ हेच रूप स्वीकारणे बरे. एके काळी लमाणांच्या बैलतांड्यांची ही वाट. तिचा गाडीरस्ता 1830 मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला; लोहमार्ग 1863 चा. घाटातील शिंगरोबाच्या देवळाशी ट्रक हळू करून नाणे टाकण्याची चाल आहे. इंग्रजांना वाट दाखवणाऱ्या धनगराची त्यामागील कथा कोणी रस्त्याशी, कोणी रेल्वेशी जोडतात. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी.

उष्णतेचा हिशेब : तीन आसांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा 2018 पासून 28.5 टन आहे (पूर्वी 25). असा ट्रक खंडाळ्याहून खोपोलीला, म्हणजे सुमारे 500 मीटर खाली येताना जवळपास 14 कोटी जूल ऊर्जा सोडतो. एवढ्या उष्णतेत साधारण साडेचारशे लिटर पाणी उकळीला येईल. टायरांचे घर्षण व हवेचा विरोध यांत तिचा थोडाच वाटा खर्ची पडतो. बाकीची इंजिनाने किंवा चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या ड्रमांनी पचवायची. हाच ट्रक सपाटीवर ताशी 40 किमी. वेगातून थांबवायला याच्या सुमारे ऐंशीव्या हिश्श्याइतकीच ऊर्जा जिरवावी लागते. सपाटीवर नीट लागणारा ब्रेक घाटातही साथ देईल, हा समज म्हणूनच फसवा.

ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरपासून (ड्रमवर घासणाऱ्या अस्तरापासून) दूर सरतो आणि लायनरचे घर्षणही घटते. हवेच्या दाबाने लागणाऱ्या एअर ब्रेकच्या दांड्याची धाव (पुढे सरकण्याचे अंतर) मर्यादित असते. ती संपली की पायाखाली ब्रेक असूनही चाकाला पकड मिळत नाही. अपघाताच्या नोंदीत ‘ब्रेक फेल’ असे लिहिले जाते, तेव्हा यंत्र मोडलेले नसून निव्वळ तापलेले असण्याचीही शक्यता ध्यानात घ्यावी. ब्रेक पुनःपुन्हा दाबल्यास टाकीतील हवाही उतरते. इंजिन बंद केले असेल तर ती भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. हवा फार उतरली की स्प्रिंग ब्रेक (हवेच्या दाबाने मोकळे राहणारे) आपोआप आवळतात, पण ते त्याच तापलेल्या ड्रमांवर. न्यूट्रलमधली बचतही बरीचशी काल्पनिक आहे : आजची इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची डिझेल इंजिने गिअरमध्ये उतरताना, अॅक्सिलरेटर सोडलेला असल्यास, इंधन जवळजवळ घेतच नाहीत, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला ते लागतेच.

ब्रेक लावण्याच्या रीतीबद्दल मतभेद : ‘ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा’ हा नियम जुन्या, जास्त अंतर्गत घर्षणाच्या इंजिनांचा, नव्या गाड्यांना त्याहून खालचा गिअर लागू शकतो. उतार सुरू होण्यापूर्वीच तो घालावा, कारण वेग वाढल्यावर तो पडेलच याची खात्री नसते. राहिलेला वेग हलक्या पण सतत दाबाने धरावा, की थोड्या-थोड्या वेळाने ब्रेक ठाम दाबून सोडावा? जुना कल पहिल्या रीतीकडे होता. मिशिगन विद्यापीठाच्या परिवहन संशोधन संस्थेच्या 1992 च्या अभ्यासानुसार दोन्ही रीतींत एकूण उष्णता सारखीच निर्माण होते. मात्र हलक्या दाबात काही चाकांचेच ब्रेक जास्त काम करतात व तेच तापतात, ठाम दाबात काम सर्व चाकांवर अधिक समान वाटले जाते. त्यामुळे दुसरी रीत अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकी चालक-पुस्तिकेत तिचे प्रमाण असे : ठरवलेला सुरक्षित वेग गाठताच ब्रेक दाबून वेग ताशी 5 मैलांनी (सुमारे 8 किमी.) उतरवावा व पाय काढावा, दाब साधारण 3 सेकंद.

साहाय्यक ब्रेक : एक्झॉस्ट ब्रेक धूर जाण्याची वाट अडवून इंजिनाचा विरोध वाढवतो. इंजिनात दाबलेली हवा सोडून देणारा इंजिन ब्रेक अमेरिकी इंजिननिर्माते क्लेसी कमिन्स यांचा. 1931 मध्ये कॅलिफोर्नियातील कॅहोन खिंड उतरताना त्यांचा ट्रक आवरेना, त्या अनुभवातून ही कल्पना आल्याचे सांगतात; या ब्रेकचे जेकब्स कंपनीचे उत्पादन 1961 चे. विद्युत्‌चुंबकीय व द्रवचलित रिटार्डरही (ड्रम न घासता वेग रोखणारी साधने) वापरात आहेत.

निसटमार्ग : आवरेनाशा झालेल्या वाहनासाठी सैल खडीचा किंवा चढाचा फाटा. रस्त्यावरील पहिला फाटा सामान्यतः कॅलिफोर्नियातील, 1956 चा मानतात. बोरघाटाच्या लोहमार्गावर, जेथे उतार 1:37 आहे, सुटलेली गाडी चढाच्या फाट्यावर नेणारे ‘कॅच सायडिंग’ आहे. एकाची कल्पना दुसऱ्यावरून घेतली असे काहींना वाटते. दोन्ही एकाच अडचणीवरची स्वतंत्र उत्तरे असावीत.

अरुंद डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा दंडक 1989 च्या रस्ता-नियमांत होता. त्या नियमांची जागा 2017 च्या वाहनचालन विनियमांनी घेतली.