माळावरचे मृतभक्षक : सीमाभागातील पार्श्वभूमी

निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर या पट्ट्यात बैल किंवा म्हैस मेली की ती गावाबाहेरच्या माळावर ओढून टाकण्याची रीत होती. ओढण्याचे काम जातीवर लादलेले होते आणि त्याचा मोबदला म्हणजे वतनाची तुटपुंजी जमीन. १९२५ साली निपाणीत बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली. दोन वर्षांनी महाडला त्यांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. १९५६ मध्ये हा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि १९६१ च्या कायद्याने तिथली गावकीची वतनेही रद्द झाली. ढोरे ओढण्यास माणसांनी दिलेला हा न्याय्य नकार पुढे गिधाडांच्या नाहीसे होण्याशी जोडला गेला, पण त्यात तथ्य नाही. ढोर कोणीही टाकले तरी गिधाडे येतच होती.

पांढऱ्या पाठीची गिधाडे थव्याने उतरून मऊ मांस काही तासांत संपवीत, पांढरे गिधाड कडेचे तुकडे टिपी, रात्री कोल्हे येत आणि हाडे फोडायला तरस. गिधाडाच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातील बहुतेक रोगजंतू तिथेच मरतात.

१९९० च्या दशकात ही साखळी तुटली. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नष्ट झाली. जनावरांच्या दुखण्यावर टोचले जाणारे डायक्लोफिनॅक त्यास कारण असल्याचे २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनाने दाखवले : औषध दिल्यावर लगेच मेलेले जनावर खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. दूषित शवांचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी असले तरी ते एवढी घट होण्यास पुरेसे होते, कारण एका शवावर अख्खा थवा बसतो.

गिधाडांच्या रिकाम्या झालेल्या जागी भटकी कुत्री आली. ती सावकाश खातात, शव दिवसेंदिवस कुजत राहते, आणि कुत्र्यांची संख्या वाढली की रेबीजचा धोकाही वाढतो. २००६ मध्ये डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्यांवरही निर्बंध आले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या तशाच वेदनाशामक औषधांनाही जनावरांसाठी मनाई झाली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. तरीही पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालत असल्याने भरपाई संथपणेच होते.