जीआरईच्या साडेतीन हजार शब्दांची भानगड

जीआरई, म्हणजे अमेरिकेत एमएसला जाण्यासाठी द्यायची परीक्षा, साधारण पंधरा-वीस वर्षांपूर्वी दिलेल्या कुणालाही आज झोपेतून उठवून विचारा, ए वरून सुरू होणारे अवघड इंग्रजी शब्द तो धडाधड सांगेल. अबेस म्हणजे मान खाली घालायला लावणं, अबॅश म्हणजे ओशाळायला लावणं, अबेट म्हणजे ओसरणं. बी पण बऱ्यापैकी येतं. मग सी-डी च्या आसपास गाडी अडखळते आणि एम नंतर सगळा अंधार. कारण बॅरन्स या गाइडवाल्यांच्या पुस्तकातली ती यादी, ५० भाग, साडेतीन हजार शब्द, अल्फाबेटिकल होती आणि प्रत्येकजण दर नव्या निश्चयाला पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करायचा. माझ्याकडे होती ती सीनियरकडून आलेली झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंगवाली, आणि तिच्यात आधीच्या दोन मालकांच्या पेन्सिलीच्या टिका होत्या. एकाच्या टिका डी ला संपल्या होत्या, दुसऱ्याच्या एफ ला. दोघंही अमेरिकेत पोचले म्हणे, त्यामुळे मला धीर आला होता.

तर हे शब्द आले कुठून आणि इंजिनियरिंगच्या पोराला एमएसला जायला ते कशाला लागतात, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांना पडायचा पण उत्तर शोधायला वेळ कुणाकडे होता.

गोष्ट सुरू होते मानसशास्त्रज्ञांपासून. १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या लुईस टर्मनने बिने या फ्रेंच माणसाची बुद्धिमापन चाचणी अमेरिकेसाठी नव्याने बसवली, त्यात शंभर शब्दांचे अर्थ विचारायचा एक भाग होता, आणि टर्मनचं मत असं झालं की सगळ्या चाचणीत एकच भाग ठेवायचा झाला तर हाच ठेवावा, एकूण निकालाशी हाच सगळ्यात जास्त जुळतो. पुढच्याच वर्षी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, लाखो रंगरूटांची घाईघाईत वर्गवारी करायची होती, म्हणून आर्मी अल्फा नावाची लेखी परीक्षा निघाली. त्यात दोन शब्द समान अर्थाचे का उलट अर्थाचे ते ओळखा असे प्रश्न होते आणि अमुकचं तमुकशी जे नातं ते याचं कशाशी, असेही होते. म्हणजे ज्या अँटोनिम्स आणि अ‍ॅनालॉजीने पुढे आपल्याला छळलं त्या मुळात बराकीतल्या.

या कामात कार्ल ब्रिगम नावाचा प्रिन्स्टनचा प्राध्यापक होता. १९२३ मध्ये त्याने या लष्करी निकालांवरून एक पुस्तक लिहून उत्तर युरोपातले लोक कसे हुशार आणि बाकीचे कसे कमी असं मांडलं, १९२६ मध्ये कॉलेज प्रवेशाची एसएटी त्याच्याच हाताखाली तयार झाली, आणि १९३० मध्ये त्यानेच लिहून टाकलं की आपले आधीचे निष्कर्ष निराधार होते. चूक अशी जाहीर कबूल करणारे फार कमी. पण परीक्षा तोपर्यंत रुळली होती, ती काही मागे गेली नाही.

जीआरई आली १९३६ मध्ये, कार्नेगी फाउंडेशन आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया या चार विद्यापीठांचा प्रयोग म्हणून. १९३७ च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा घेतली. कल्पना साधी होती, वेगवेगळ्या कॉलेजांचे मार्क एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत तर सगळ्यांना एकच माप लावू. १९४७ च्या शेवटी ईटीएस ही संस्था स्थापन झाली आणि परीक्षा तिच्याकडे गेली, १९४९ च्या सुमारास व्हर्बल (इंग्रजी) आणि क्वांट (गणित) असे दोन भाग असलेली अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट आली, आणि पुढची साठेक वर्षं व्हर्बलचा साचा थोडाफार तोच राहिला.

आता शब्दच का, तर ते स्वस्त पडतात म्हणून. उतारा वाचून उत्तर द्यायला मिनिटं जातात, अँटोनिमला दहा सेकंद. कागदावरच्या जुन्या परीक्षेत तीस मिनिटांत ३८ प्रश्न असायचे, त्यातले ११ अँटोनिम आणि ९ अ‍ॅनालॉजी. कमी वेळात जास्त प्रश्न म्हणजे मोजमाप जास्त पक्कं. आणि त्यामागचा विचार असा की ज्याला ऑब्ड्युरेट म्हणजे हट्टी, पाझर न फुटणारा हे माहीत आहे त्याने आयुष्यात भरपूर वाचलं असणार, जसं आपल्याकडे एखाद्याने बोलता बोलता ‘किंकर्तव्यमूढ’ वापरला की आपण समजतो याच्या घरात पुस्तकं आहेत. शब्द ही फक्त खूण होती. थर्मामीटरसारखी. मग काय, लोकांनी ताप तसाच ठेवून थर्मामीटर गार पाण्यात बुडवायला सुरुवात केली.

मध्येच एक सांगतो, इंग्रजीतच ही अवघड शब्दांची रास का आहे, कारण ते बहुतेक बाहेरून आणलेले. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीवाल्यांनी इंग्लंड जिंकलं त्यानंतर फ्रेंच आलं, सोळाव्या शतकात विद्वानांनी लॅटिन-ग्रीकमधून पोत्याने शब्द ओतले, आणि तेव्हाच लोक त्यांना इंकहॉर्न टर्म्स, म्हणजे दौतीतले शब्द, म्हणून हिणवायला लागले. इतकं झालं की १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्रे नावाच्या एका मास्तर आणि धर्मोपदेशकाने फक्त अवघड शब्दांची अर्थासकट यादी छापली, साधारण अडीच हजार शब्द, अल्फाबेटिकल. इंग्रजीतून इंग्रजीत अर्थ देणारी पहिली डिक्शनरी म्हणून तिचं नाव घेतात. म्हणजे इंग्रजीची पहिली डिक्शनरीच एक वर्ड लिस्ट होती, आणि ती सुद्धा ज्यांना लॅटिन शिकायला मिळालं नाही अशा बायकांसाठी आणि ‘अकुशल’ लोकांसाठी काढली असं तिच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. त्या अकुशलांच्या रांगेत चारशे वर्षांनी आम्ही.

अर्थात आपल्याकडे पाठांतर काही नवीन नव्हतं. आजोबांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली, आमच्या पिढीला पाचवीत एबीसीडी आणि रोज फळ्यावर दहा स्पेलिंग-मीनिंग. मराठी मीडियमच्या पोराला बॅरन्स बघून जे वाटायचं ते फार परकं नव्हतं, तोच फळा जरा मोठा झालेला. उलट कॉन्व्हेंटवाल्यांचा इगो जास्त दुखवायचा, आपल्याला इंग्रजी येतं या समजुतीवर पहिल्याच दिवशी पाणी.

त्या याद्या तयार करणारा धंदा मात्र न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. स्टॅनली कॅप्लनने १९३८ मध्ये तिथे घरातच शिकवण्या सुरू केल्या, बॅरन्सची सुरुवात पण १९४१ ला तिथलीच, शाळकरी परीक्षांच्या गाइडपासून. ईटीएसचं म्हणणं बरीच वर्षं असं की ही परीक्षा घोकून जमणारी नाही, आणि क्लासवाल्यांचं म्हणणं की बघू. बॅरन्सने जुने पेपर चाळून ३३३ हाय फ्रीक्वेन्सी शब्द वेगळे काढले, ते आमच्याकडे ‘थ्री थर्टीथ्री तरी कर’ अशा भाषेत ओळखले जायचे, जसं बारावीला अपेक्षित.

१९६५ च्या अमेरिकन इमिग्रेशन कायद्यानंतर इकडून जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली, आधी आयआयटीवाले, मग पुण्या-मुंबईची सगळी इंजिनियरिंग कॉलेजं. मुंबईत न्यू मरीन लाइन्सला अमेरिकन सेंटरची लायब्ररी, फोर्टातल्या फुटपाथवर जुनी पुस्तकं, पुण्यात अप्पा बळवंत चौक. क्वांट आपल्याला दहावीच्या गणितासारखं, त्यात ८०० पैकी ८०० काढणारे हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर. सगळं भांडण व्हर्बलशी. ‘किती आला?’ ‘तेराशे वीस.’ म्हणजे ८०० आणि ५२०, हिशोब विचारावा लागायचा नाही.

आणि मग ते लक्षात ठेवायचे जुगाड. कजोल म्हणजे गोडीगुलाबीने पटवणं, हे काजोलमुळे कुणी कधी विसरलं नाही. मॉरोज म्हणजे उदास, कारण तो ‘मरो रोज’. पॉसिटी म्हणजे टंचाई, तर शहरात पावाचीच टंचाई, पाव-सिटी. विनोदी होतं पण चालायचं. याच्या उलट शब्दाची खरी गोष्ट कुणी सांगायचं नाही. लॅकोनिक म्हणजे मोजकं बोलणारा, तो आलाय लॅकोनियावरून, प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाचा मुलूख. मॅसिडोनियाच्या फिलिप राजाने धमकी पाठवली की मी तुमच्या देशात शिरलो तर सगळं बेचिराख करीन, आणि स्पार्टावाल्यांनी एक शब्द उलट पाठवला, ‘तर’. ही गोष्ट एकदा ऐकली की तो शब्द जन्मभर जात नाही, मला ती परीक्षा झाल्यावर कळली. आणखी एक खटकायचं, या याद्यांमध्ये आपल्याकडचेच शब्द इंग्रजी कपडे घालून बसलेले. पंडित तर सरळच. जगरनॉट म्हणजे पुरीच्या जगन्नाथाचा रथ. परायाह म्हणजे वाळीत टाकलेला, तो मुळात तमिळनाडूतल्या परैयर या जातीच्या नावावरून, एका अख्ख्या समाजाच्या नावाचा साहेबाने असा अर्थ केला आणि आपण तो मुकाट्याने पाठ करतो.

कॉम्प्युटरवर परीक्षा आली तशी गंमत वाढली. १९९३ पासून अडॅप्टिव्ह टेस्ट, म्हणजे बरोबर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा, मागे जाता येत नाही. ३० मिनिटं, ३० प्रश्न. यात मानसिक छळ असा की एखादा सोपा शब्द समोर आला की आनंद होण्याऐवजी पोटात गोळा, म्हणजे मागचं चुकलं वाटतं. मला चौथ्याच प्रश्नाला एक ओळखीचा, अगदी भाजीवाल्यासारखा रोजचा शब्द आला आणि पुढची दोन मिनिटं मी तोच विचार करत बसलो.

पण प्रश्नांचा साठा मर्यादित होता आणि परीक्षा वर्षभर चालायची. १९९४ च्या अखेरीस कॅप्लनने आपली माणसं परीक्षेला बसवली, त्यांनी प्रश्न लक्षात ठेवून आणले, आणि ते ईटीएसला दाखवून कंपनी म्हणाली की बघा किती सोपं आहे. ईटीएसने परीक्षा काही दिवस थांबवली आणि कॅप्लनवर केस केली. तिकडे चीनमध्ये यू मिनहोंगने १९९३ ला सुरू केलेल्या न्यू ओरिएंटलच्या क्लासला प्रचंड गर्दी, त्याचं लाल कव्हरचं शब्दांचं पुस्तक म्हणजे तिकडचं बॅरन्स, ईटीएसने तिथेही कॉपीराइटची केस केली. परीक्षा देऊन आलेली मुलं प्रश्न नेटवर टाकायला लागली तेव्हा २००२ मध्ये चीन, तैवान आणि दक्षिण कोरियात कॉम्प्युटरवरची परीक्षा बंद करून पुन्हा कागद आणावा लागला.

अ‍ॅनालॉजीवर तर वेगळाच आरोप होता. एसएटीतला एक प्रश्न फार गाजला, रनरचं मॅरेथॉनशी जे नातं ते कुणाचं कशाशी, उत्तर ओअर्समन आणि रगाटा, म्हणजे वल्हवणारा आणि होड्यांची शर्यत. आता रगाटा कुणाला माहीत असणार, ज्याच्या शाळेला बोट क्लब आहे त्याला. बुद्धी मोजतोय का बापाचा बँक बॅलन्स, असं लोक विचारायला लागले. एसएटीने १९९४ ला अँटोनिम काढले, २००५ ला अ‍ॅनालॉजी. जीआरईला जाग यायला १ ऑगस्ट २०११ उजाडला. त्या दिवसापासून दोन्ही बंद, मार्क २००-८०० ऐवजी १३०-१७० मध्ये, आणि सुटा शब्द विचारणं संपलं, आता वाक्यातल्या गाळलेल्या जागा.

वाटलं सुटलो. पण ईटीएस पण काय कच्च्या गुरूची चेली नाही. आता अडकवतात ते ओळखीच्या शब्दांत. क्वालिफाय म्हणजे पात्र होणं हे शेंबड्या पोराला माहीत, पण क्वालिफाइड प्रेझ म्हणजे हातचं राखून केलेली स्तुती. फ्लॅग म्हणजे झेंडा, पण उत्साह फ्लॅग होतो म्हणजे ओसरतो, म्हणजे आमचा अबेटच की. चेक म्हणजे आवर घालणं. या शब्दांकडे पूर्वी कुणी फारसं बघायचं नाही, कारण ते येतात असंच सगळ्यांना वाटत होतं. माझ्या मते ही परीक्षा जुनीपेक्षा शंभर पटीने बरी आहे, आणि तरी कोपऱ्यावरचे क्लास अजून पहिल्या दिवशी शब्दांची यादीच हातात देतात, कारण यादी दिली की फी वसूल झाल्यासारखी वाटते. दरम्यान सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा दोन तासांच्या आत आली, व्हर्बलचे २७ प्रश्न उरले, आणि अमेरिकेतल्या बऱ्याच डिपार्टमेंट्सनी तर जीआरई मागणंच सोडलं.

पाठांतराची तऱ्हा बदलली ती वेगळीच. एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं आधी झपाट्याने आणि मग सावकाश विसरतं, १९७२ मध्ये लाइटनरने त्यावर कार्डांच्या डब्यांची पद्धत सांगितली, येणारं कार्ड पुढच्या डब्यात, विसरलेलं परत पहिल्या डब्यात, आणि २००६ ला आलेलं अंकी सॉफ्टवेअर म्हणजे तोच डबा फोनमध्ये. आम्ही रिकाम्या व्हिजिटिंग कार्डांचे गठ्ठे आणून रबरबँड लावायचो, फक्त मागचा हिशोब माहीत नव्हता, म्हणून येणारे शब्दच पुन्हा पुन्हा उलटून खूश व्हायचो.

मागच्या महिन्यात भाचा आला होता, त्याची तयारी चालू आहे. लोकलमध्ये उभ्या उभ्या अंगठ्याने कार्डं सरकवतो, अ‍ॅप सगळे शब्द पिसून देतं, ए-बी-सी काही नाही. मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, अबेस म्हणजे काय रे. म्हणाला, मामा, हा नाहीये आमच्या डेकमध्ये. मग त्याने मला झेफर विचारला, यादीच्या अगदी शेवटच्या पानावरचा, मंद वाऱ्याची झुळूक. मला येत नव्हता.