तारीख नको, तिथी सांगा

किराणा दुकानात बिलाचं मशीन आलं की चार-पाच वर्षांत त्यात लाखभर ओळी सहज साठतात: तारीख, वस्तू, वजन, किंमत. जीएसटीच्या विवरणापुरत्या त्या उघडतात आणि मिटतात. पुढच्या महिन्यात काय आणि किती भरायचं, याचं उत्तर मात्र तिथेच पडून असतं.

भगर घ्या. गेल्या जुलैवरून यंदाचा जुलै ठरवला, तर अंदाज साफ चुकतो. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला. या नोंदींवरून अंदाज बांधणाऱ्या संगणकाला मागणी नुसती इकडेतिकडे उडताना दिसते. म्हणून आधी नोंदींशेजारी तिथीचा रकाना जोडायचा: एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार. २०२३ मध्ये तर अधिक श्रावणही होता! मग ‘एकादशीला किती दिवस उरले’ या हिशेबाने तीन वर्षांचे आकडे एकाखाली एक मांडले की खप कधी चढतो ते स्पष्ट दिसतं. दुकानदाराला हे तोंडपाठ असतं, यंत्राला सांगावं लागतं. डेटा सायन्समधलं, म्हणजे साठलेल्या नोंदींतून उत्तरं काढण्याच्या शास्त्रातलं, मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच काम.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. बिलात विक्री असते, मागणी नसते. समजा, २० किलो भगर सकाळी अकरालाच संपली. नंतर रिकाम्या हाताने परतलेली गिऱ्हाइकं कुठेच नोंदली जात नाहीत. अशा आकड्यांवर शिकलेलं यंत्र पुढच्या वेळीही २० किलोच भरायला सांगेल. उपाय बिनखर्चाचा आहे: माल संपल्याची वेळ लिहून ठेवायची. इतर एकादशींना अकरापर्यंत दिवसाचा निम्मा खप होत असेल, तर खरी मागणी ४० किलोच्या आसपास होती.

भगर टिकते, उरली तरी पुढे खपते. दह्याचं तसं नाही. पाकीट विकलं तर १० रुपये नफा, उरलं तर ३० रुपये तोटा, असं धरू. नफ्याला नफा आणि तोट्याच्या बेरजेने भागायचं: १० भागिले ४०, म्हणजे पाव. मागच्या शंभर दिवसांची मागणी चढत्या क्रमाने लावून पंचविसावा आकडा उचलायचा, तेवढीच पाकिटं मागवायची. चारपैकी तीन दिवस दही कमी पडेल, तरी नफा यातच जास्त. मात्र दही नाही म्हणून गिऱ्हाईक बाकीची यादीही दुसरीकडे नेत असेल, तर तो बुडालेला नफाही त्या दहा रुपयांत मिळवावा लागतो. दह्यासोबत लोक काय काय नेतात, ते त्याच बिलांत सापडतं.