जुलाब झाले म्हणजे आतडं निर्जंतुक झालं का?

"आतड्याच्या ऑपरेशनआधी जुलाबाचं औषध घेऊन पोट धुऊन काढलं, की संसर्गाची भीती संपली." हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. तर्क सहज पटणारा आहे. सर्जनही दीर्घकाळ असंच मानत होते.

मोठ्या आतड्यात एका ग्रॅम मळामागे अब्जावधी जिवाणू असतात. जुलाबाने मळ बाहेर पडतो, पण अस्तराला चिकटलेले जिवाणू राहतातच. उरलेला मळ पातळ असला तर ऑपरेशनमध्ये तो सांडण्याची शक्यता उलट वाढते. शिवाय अंगातलं पाणी आणि क्षार घटतात, वयस्कर रुग्णांना ते जड जातं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडून केलेल्या चाचण्यांत नुसत्या जुलाबाने संसर्ग कमी झाल्याचं ठोसपणे दिसलं नाही.

फरक पडतो तो अँटिबायोटिकने. आदल्या दिवशी तोंडाने घ्यायच्या गोळ्या आणि चीर देण्याआधीच्या तासाभरात शिरेतून दिलेला डोस. या गोळ्यांच्या जोडीला जुलाबाचं औषध अनेक ठिकाणी आजही देतात, म्हणून लिहून दिलं असेल तर परस्पर बंद करू नका. (पोटावरचे केस घरी वस्तऱ्याने काढणं मात्र टाळाच, बारीक जखमांतून जिवाणू शिरतात.)

पडताळायचं असेल तर चाचणीत तुलना कशाची आहे ते आधी बघा: 'जुलाब की काहीच नाही', की 'जुलाब अधिक गोळ्या'? निरोपांत नेमकी इथेच सरमिसळ होते. आणि आपल्या सर्जनना सरळ विचारा, "जुलाबाच्या औषधासोबत अँटिबायोटिकच्या गोळ्या आहेत का? नसतील तर का नाहीत?"