हिंदमाताला पाणी का तुंबतं?

मुंबईत पावसाचा जोर वाढला की पाणी तुंबल्याच्या बातमीत हिंदमाताचं नाव असतंच. दादर आणि परळ यांच्या मधला, कपड्यांच्या दुकानांसाठी ओळखला जाणारा हा नाका. केईएम, वाडिया, टाटा ही रुग्णालयं इथून जवळच. त्यामुळे इथे गुडघाभर पाणी साचलं की त्यात गावाहून तपासणीला आलेले, फाइल छातीशी धरून वाट काढणारे पेशंट आणि त्यांचे नातेवाईकही अडकतात. दरवर्षी वाद मात्र एकाच मुद्द्यावर होतो: नालेसफाई झाली का, गाळ किती काढला. गाळ काढायलाच हवा. पण हिंदमाताचं दुखणं गाळापेक्षा कितीतरी जुनं आहे.

मुंबई सात बेटांची होती तेव्हा महालक्ष्मी आणि वरळी यांच्या मधल्या खिंडीतून भरतीचं पाणी आत शिरे आणि भायखळा-परळच्या बाजूला पसरे. ओहोटीला तिथे नुसता चिखल उरायचा. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या काळात या खिंडीवर बांध घालायला घेतला आणि 1784 च्या सुमारास तो पुरा झाला. हाच हॉर्नबी वेलार्ड, म्हणजे आजचा हाजीअलीसमोरचा लाला लजपतराय मार्ग. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता, तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू स्थापत्यकाराला देवीने दृष्टान्त दिला, समुद्रातून मूर्ती निघाल्या आणि मगच काम टिकलं, अशी महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका आहे. आजही ती सांगितली जाते.

बांधामुळे समुद्र थांबला, जमिनीची उंची मात्र होती तेवढीच राहिली. आत उरली ती सखल, दलदलीची पट्टी. इंग्रज तिला ‘फ्लॅट्स’ म्हणत. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं तिच्यावर भर पडत गेली, रस्ते झाले, गिरण्या आणि चाळी उभ्या राहिल्या. 1896 च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. परळचा काही भाग उंचवट्यावर आहे, पण हिंदमाताचा चौक बशीच्या तळासारखा राहिला. चारही बाजूंचं पाणी उतारावरून इथेच येतं. या भागात राहणाऱ्या कुणालाही हे नकाशाशिवाय कळतं: केईएमकडून खाली चालत आलं की पाणी पायाला कुठे लागतं, ते आधीच ठाऊक असतं.

शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या बांधल्या त्या ताशी 25 मिलिमीटर पावसाचा हिशेब धरून. त्यात आणखी दोन गोष्टी गृहीत होत्या. एक, पाऊस पडेल तेव्हा समुद्राला ओहोटी असेल. दोन, निम्मं पाणी जमिनीत मुरेल. त्या काळात मोकळी जमीन होती, त्यामुळे दुसरं गृहीत चुकीचं म्हणता येणार नाही. पण शहर वाढत गेलं तसं अंगण, मैदान, रस्त्याची कड सगळं सिमेंटखाली गेलं. 1982 च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या जमिनी ही गिरणगावात श्वास घ्यायला मिळालेली शेवटची मोठी संधी होती. 1991 च्या शहरविकास नियमावलीत त्यांतला मोठा हिस्सा मोकळ्या जागेसाठी आणि घरांसाठी सोडायचा होता. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती आकसली. बाकी जागेवर टॉवर आले आणि पाणी मुरायची जागा गेली, याची खंत या भागात आजही आहे.

आणि ओहोटीचं गृहीत? मुंबईच्या बहुतेक वाहिन्यांची पातमुखं, म्हणजे त्या समुद्रात उघडतात ती तोंडं, भरतीच्या पातळीखाली आहेत. मोठी भरती आली की पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्रच आत यायला बघतो. अशा वेळी नाला कितीही स्वच्छ असला तरी पाणी जागचं हलत नाही.

हे सगळं कागदावर फार आधी आलं होतं. 1985 च्या पुरानंतर पालिकेने अभ्यास करवून घेतला आणि 1993 मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल तयार झाला: वाहिन्यांची क्षमता ताशी 50 मिलिमीटर करा, समुद्रालगत पाणी उपसणारी उदंचन केंद्रं बांधा. खर्चाचा अंदाज 616 कोटी रुपये. बारा वर्षं त्यातलं फारच थोडं झालं. मग 26 जुलै 2005 आला. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम 73. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, केंद्राने 1,200 कोटींचं साहाय्य मंजूर केलं आणि अहवालावरची धूळ झटकली गेली. हे आधी झालं असतं तर किती जीव वाचले असते, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर अशी केंद्रं एकेक करून सुरू झाली. हिंदमाताचं पाणी पूर्वेला रे रोडच्या ब्रिटानिया केंद्राकडे जातं, आणि ते सुरू व्हायला 2016 उजाडलं. आता सुटलो, असं इथल्या लोकांना वाटलं. पुढच्याच वर्षी, 29 ऑगस्टला, शहर पुन्हा बुडालं. त्या दिवशी प्रभादेवी भागात एक नामवंत डॉक्टर पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. मॅनहोलखाली जाळ्या बसवण्याची मागणी तेव्हापासून जोर धरू लागली.

2021 मध्ये उपाय बदलला. परळचं सेंट झेवियर्स मैदान आणि दादर पश्चिमेचं प्रमोद महाजन कला पार्क यांच्याखाली मोठ्या टाक्या बांधायला घेतल्या. हिंदमाताचं पाणी पंपाने उपसून तिथे साठवायचं आणि भरती उतरली की सोडायचं. शेजारचे दोन उड्डाणपूल रस्ता उंच करून जोडले, म्हणजे गाड्यांना खाली उतरायला नको. पुलावरून गाड्या जातात, पण खाली चालणारा माणूस पाण्यातच असतो, म्हणून मला टाक्या जास्त महत्त्वाच्या वाटतात. 1784 पासून इथल्या पाण्याला फक्त अडवलं किंवा हाकललं गेलं. थांबायला जागा पहिल्यांदाच मिळाली.

टाक्यांचा फरक दिसला, पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरू लागलं. पण 26 मे 2025 रोजी मोसमी पाऊस नोंदींतल्या कोणत्याही वर्षापेक्षा आधी मुंबईत पोचला आणि कुलाब्याला मुसळधार पडला. हिंदमाताचे पंप तेव्हा वेळेत सुरू झाले नव्हते. ते चालवणाऱ्या कंत्राटदाराला पालिकेने दंड ठोठावला.