घरच्या कॉम्प्युटरला ऑपरेटिंग सिस्टिम कोणती? आधी डिस्क बघा, मग तारीख

मावशीचा फोन आला, "अरे, लॅपटॉपवर सारखं येतंय की विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून, आता हा टाकून द्यायचा का? तसाही चालू व्हायला पाच-पाच मिनिटं लावतो मेला." लॅपटॉप २०१६ चा, इंटेलचा सहाव्या जनरेशनचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, आत फिरणारी जुनी हार्ड डिस्क. तिचं काम म्हणाल तर मेल, व्हिडिओ कॉल, बँकेचे व्यवहार, फोटो आणि अधूनमधून एखादं पत्र टाईप करून प्रिंट काढणं. असा लॅपटॉप खूप जणांकडे आहे आणि प्रश्न विचारला की लोक लगेच आपापली आवडती सिस्टिम सांगून मोकळे होतात, पण मावशीच्या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एक स्लो चालण्याची आणि दुसरी सपोर्ट संपल्याची, आणि दोन्हींवरचा इलाज एकच नाहीये.

आधी स्लो का चालतो ते बघू. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल, आणि त्याचं काम प्रोसेसर, मेमरी, डिस्क, वायफाय ही सगळी सामग्री प्रोग्राम्सना वाटून देणं. प्रत्येक प्रोग्रामला तो भासवतो की मेमरी तुझ्या एकट्याची आहे. खरी रॅम भरत आली की जो भाग बराच वेळ कुणी वापरला नाही तो उचलून डिस्कवर नेऊन ठेवतो आणि परत लागला की आणतो, ह्याला स्वॅपिंग म्हणतात. आयडिया झकास आहे, पण डिस्क फिरणारी असेल तर इथेच सगळं अडकतं. लॅपटॉपमधली अशी डिस्क बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे मारते म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद, हवा तो भाग सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं आणि सुई त्या जागी सरकायचा वेळ वेगळा, असं करून एका वेळेला १० मिलिसेकंदांच्या वर सहज जातात. रॅमला तेच काम करायला साधारण १०० नॅनोसेकंद पुरतात. म्हणजे फरक लाखपटीचा! रॅमला एक सेकंद लागतो असं धरलं तर डिस्कला सव्वा दिवसाच्या आसपास लागेल, आणि एसएसडीला, म्हणजे काहीही न फिरणाऱ्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कला, पंधरा-वीस मिनिटं.

मावशीच्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजर, म्हणजे कोण किती राबतंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून बघितलं तर प्रोसेसर १५ टक्क्यांवर निवांत, मेमरी ९० च्या वर आणि डिस्क सलग १०० टक्के. म्हणजे प्रोसेसर म्हातारा झाला नव्हता, तो बिचारा डिस्कची वाट बघत बसला होता. अशा मशीनमध्ये एसएसडी टाकली आणि रॅम ८ जीबी केली की कुठलीही सिस्टिम ठेवा, फरक जमीन-अस्मानाचा पडतो. लिनक्स ही विंडोजला फुकटचा पर्याय असलेली सिस्टिम, मिंट हा तिचा एक प्रकार, आणि एक्सएफसीई नावाच्या हलक्या डेस्कटॉपचं लिनक्स मिंट सुरू झाल्यावर साधारण १ जीबीच्या आसपास रॅम घेतं, हे खरंच हलकं आहे, पण ब्राउझरचा जड टॅब लिनक्सवर उघडा की विंडोजवर, तो जवळपास तेवढीच मेमरी मागणार. म्हणून "लिनक्स टाक, रॉकेटसारखा पळेल" हा सल्ला मला अर्धवट वाटतो.

आता दुसरी तक्रार, आणि माझ्या मते खरी महत्त्वाची हीच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरासाठी नाव नोंदवून ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत तेवढी दिली होती. बऱ्याच जणांना वाटतं की चालतंय ना, मग अपडेट नाही आलं तर काय बिघडलं. बिघडतं ते असं, की नव्या व्हर्जनसाठी सुरक्षेतलं एखादं भोक बुजवणारं अपडेट निघालं की ते अपडेट उलगडून आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवून बघता येतं, त्यातून भोक नेमकं कुठे होतं ते कळतं, आणि तेच भोक जुन्या व्हर्जनमध्ये असेल तर तिथे ते कायमचं उघडं राहतं. वॉनाक्राय आठवत असेल, फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. विंडोजच्या फाईल शेअरिंगमधलं भोक बुजवणारं अपडेट मार्च २०१७ मध्ये आलं होतं, हल्ला झाला मे महिन्यात, आणि तरी दीडशे देशांत दोन लाखांच्या वर कॉम्प्युटर सापडले. अपडेट हातात असून न टाकल्याने ही गत, मग जिथे अपडेट येणंच बंद झालं तिथे बँकेचा पासवर्ड टाईप करायचा? मी तरी करणार नाही.

म्हणून कुठलीही सिस्टिम घेताना माझा पहिला प्रश्न असतो, ह्या मशीनला सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत मिळणार. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम चालते, पण टीपीएम २.० लागतं, म्हणजे एनक्रिप्शनच्या किल्ल्या वेगळ्या जपून ठेवणारी सोय, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो. मावशीचा लॅपटॉप तिथेच बाद. आडवाटेने बसवता येतं, पण अपडेट मिळतीलच ह्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, मग ज्यासाठी खटाटोप केला तेच हातात नाही. मॅकची सिस्टिम मॅकओएस तर ॲपलच्याच हार्डवेअरवर चालते, आणि तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, तिचं २०२५ चं टाहो हे इंटेल प्रोसेसरवाल्या मॅकसाठीचं शेवटचं व्हर्जन आहे, त्यामुळे सेकंडहॅंड मॅक घेताना एम१ किंवा पुढची चिप बघूनच घ्या. लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, आणि पुढचं व्हर्जन फुकट मिळतंच.

मग सगळ्यांनी लिनक्सच टाकावं का? तर नाही. फोटोशॉप किंवा मायक्रोसॉफ्ट ऑफिस डेस्कटॉपवर बसवूनच लागत असेल, घरात कुणाचं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं असेल, तर विंडोज ठेवा, उगाच भांडत बसू नका. ऑनलाईन गेम खेळणाऱ्यांचंही तसंच, काही गेमचं चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर थेट विंडोजच्या कर्नलमध्ये शिरून बसतं, ते लिनक्सवर चालत नाही.

वर्डच्या फाईली लिनक्सवरच्या लिब्रेऑफिस ह्या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, पण कधीकधी पानं विस्कटतात, आणि त्याचं एक मोठं कारण फॉन्ट असतो. समजा फाईल कॅलिब्रीत टाईप केलीय आणि तो फॉन्ट तुमच्याकडे नाही, तर दुसरा घेतला जातो, त्याचं अक्षर केसभर रुंद असलं की ओळीत एक शब्द कमी मावतो, परिच्छेद एका ओळीने वाढतो, आणि खालचं टेबल पुढच्या पानावर पडतं. म्हणून कार्लिटो नावाचा फुकट फॉन्ट मुद्दाम असा केलाय की दिसायला थोडा वेगळा पण प्रत्येक अक्षराची रुंदी कॅलिब्रीइतकीच. तो असला की पानं बरीचशी जागच्या जागी राहतात, मला ही युक्ती फार आवडते.

ठरवायच्या आधी काहीही पुसायची गरज नाही. लिनक्सची आयएसओ फाईल, म्हणजे अख्खी सिस्टिम एकाच फाईलमध्ये बांधलेली, पेन ड्राईव्हवर लिहायची, मशीन चालू होताना बूट मेनूत जाऊन पेन ड्राईव्ह निवडायचा, की अख्खी सिस्टिम तिथूनच चालते आणि डिस्कला हात लागत नाही. (फक्त मशीनवर विंडोजचं डिस्क एनक्रिप्शन चालू असेल तर बूटच्या सेटिंग बदलण्याआधी त्याची रिकव्हरी की लिहून घ्या, नाहीतर विंडोज ती मागेल आणि तुम्ही अडकाल.) पेन ड्राईव्हमुळे ती जरा रेंगाळते, त्यावरून स्पीड ठरवू नका. वायफाय लागतो का, आवाज आणि कॅमेरा चालतो का, प्रिंट निघते का, आणि झाकण लावून दहा मिनिटांनी उघडल्यावर नीट जागा होतो का हे बघा, हे शेवटचं लोक विसरतात आणि जुन्या लॅपटॉपवर बऱ्याचदा तिथेच घोडं अडतं.

मावशीच्या लॅपटॉपवर हे सगळं चाललं, प्रिंटही निघाली, स्कॅन मात्र होईना. ती म्हणाली, "कागदाचा फोटो मी मोबाईलनेच काढते की." मग एसएसडी आणि रॅम टाकून मिंट बसवलं. त्याआधी सगळे फोटो एका एक्स्टर्नल डिस्कवर घेतले आणि ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फोल्डर उघडून बघितले. जुनी हार्ड डिस्क तशीच, न पुसता, तिच्या कपाटात ठेवलीय.